थंडीतला बॅटरीचा ट्रॅक्टर : काम संपलं की लगेच चार्जिंग



थंडी सुरू झाली की अवजार बँक चालवणाऱ्या गटांच्या बैठकीत एक तक्रार हमखास येते. "दिवाळीपर्यंत ट्रॅक्टर नीट चालत होता, आता दुपारीच बसतो. बॅटरी खराब निघाली." त्यावर कोणीतरी म्हणतं, "दुकानदारानं फसवलं." आणि गावातला एखादा पुरुष हसून म्हणतो, "बायकांना यंत्र झेपत नाही, सांगितलं होतं ना."

या तीनही बोलण्यांत बहुतेक वेळा तथ्य नसतं. बॅटरी थंडीमुळे थोडी मंद झालेली असते, एवढंच. पण मंद झालेली बॅटरी आपण चुकीच्या वेळी चार्जिंगला लावत राहिलो, तर उन्हाळा येईपर्यंत ती खरोखर खराब होते. बॅटरी हा ट्रॅक्टरचा सगळ्यात महागडा भाग आहे. ती गेली तर ट्रॅक्टर दारात उभा आणि कर्जाचा हप्ता मात्र चालूच, अशी गटाची गत होते. म्हणून या महिन्याचा धडा बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या ट्रॅक्टरचा आहे. बॅटरीचा वीडर किंवा मालवाहू तीनचाकी असलेल्या गटांनाही यातलं बरंचसं लागू पडतं.

थंडीत बॅटरीला काय होतं?

आपल्याकडच्या स्वस्त छोट्या यंत्रांत बहुधा शिसं आणि आम्लाची बॅटरी असते, जिच्यात डिस्टिल्ड वॉटर टाकावं लागतं ती. तिच्या आत शिशाच्या प्लेटा आणि पातळ गंधकाम्ल असतं. प्लेट आणि आम्ल यांच्यात रासायनिक क्रिया होते आणि वीज तयार होते. थंडीत ही क्रिया मंदावते. थंडीत दह्याला विरजण लावलं तर ते लवकर लागत नाही, हे आपल्याला माहीतच आहे. दूध तेच, विरजणही तेच, फक्त ऊब कमी पडते. बॅटरीचंही तसंच आहे.

बॅटरीवर जी क्षमता लिहिलेली असते, उदाहरणार्थ १०० अँपिअर-तास, ती साधारण २५ ते २७ अंश तापमानाला मोजलेली असते. शून्य अंशाला तीच बॅटरी साधारण ८० टक्केच वीज देते. आपल्याकडे एवढी थंडी रोज नसते. पण निफाड, दिंडोरी या द्राक्षाच्या पट्ट्यात पारा पाच-सहा अंशांवर येतो. द्राक्षमणी तडकू नयेत म्हणून शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. अशा पहाटे बॅटरी साधारण ८५ टक्क्यांवर येते असं धरा. म्हणजे ऑक्टोबरमध्ये एका चार्जिंगवर पाच तास चालणारा ट्रॅक्टर जानेवारीच्या पहाटे सव्वाचार तासांवर आला, तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ऊन तापलं की तो परत सुधारतो.

त्यातच थंडीत ट्रॅक्टरला ओढायलाही जास्त जोर लागतो. गिअरबॉक्समधलं तेल घट्ट होतं, टायरमधली हवा थोडी उतरते, दवाने माती ओली असते. जोर जास्त लागला की बॅटरीतून वीज झपाट्याने जाते, आणि झपाट्याने वीज काढली की शिशाची बॅटरी एकूणही कमीच देते.

थंडीत बॅटरीचे ट्रॅक्टर चालतच नाहीत, असं मात्र कोणी सांगितलं तर मानू नका. अमेरिकेत १९६९ ते १९७५ या काळात जनरल इलेक्ट्रिक कंपनी 'एलेक-ट्रॅक' नावाचा बॅटरीचा बाग-ट्रॅक्टर बनवायची. त्याच्या मोठ्या मॉडेलमध्ये सहा व्होल्टच्या सहा बॅटऱ्या जोडून ३६ व्होल्ट केलेले असत. उन्हाळ्यात त्यावर गवत कापायचं आणि हिवाळ्यात पुढे फाळकं लावून दारातलं बर्फ सरकवायचं, असा त्याचा वापर होता. त्यातले काही ट्रॅक्टर हौशी लोकांनी आजही चालू ठेवले आहेत. बर्फात शिशाची बॅटरी चालते, तर आपल्या कांद्याच्या शेतात का चालणार नाही? फक्त तिची निगा कळली पाहिजे.

हिरवा दिवा लागला, तरी बॅटरी अर्धवट

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. थंडीचा खरा त्रास ट्रॅक्टर चालवताना कमी आणि चार्जिंग करताना जास्त होतो.

गार बॅटरी वीज सहज आत घेत नाही. तिला भरायला चार्जरने थोडा जास्त दाब, म्हणजे जास्त व्होल्ट, द्यावा लागतो. बॅटरीच्या एका सेलला तापमानाच्या दर अंशामागे साधारण ३ ते ५ मिलीव्होल्ट वाढवावे लागतात. ऐकायला हा आकडा चिमूटभर वाटतो. पण ४८ व्होल्टच्या संचात २४ सेल असतात. तापमान २५ अंशांवरून १० अंशांवर आलं, तर पूर्ण संचाला सुमारे दीड व्होल्ट जास्त लागतात. महागड्या चार्जरला तापमान ओळखणारी तार असते आणि तो हे आपोआप करतो. साध्या चार्जरला ते कळत नाही. तो नेहमीचाच दाब देतो. गार बॅटरी कमी वीज ओढायला लागते, चार्जरला वाटतं पोट भरलं, आणि तो हिरवा दिवा लावून मोकळा होतो. बॅटरी मात्र अर्धपोटीच राहते.

असं एखाद्या दिवशी झालं तर बिघडत नाही. पण रोज थोडी थोडी बॅटरी उपाशी राहिली, तर प्लेटांवर एक पांढरट थर बसतो. त्याला सल्फेशन म्हणतात. सुरुवातीला हा थर मऊ असतो आणि पूर्ण चार्जिंग केलं की विरघळतो. आठवडे-महिने तसाच राहिला की कडक होतो, मग तो निघत नाही. तेवढा प्लेटेचा भाग कायमचा मेला. भांड्याला लागलेलं खरकटं लगेच धुतलं तर हाताने निघतं, दोन दिवसांनी मात्र घासणीनंही निघत नाही, तसंच हे आहे.

आणि वाळलेल्या खरकट्यासारखंच इथेही वेळेला फार महत्त्व आहे. रिकामी किंवा अर्धी रिकामी बॅटरी जितका वेळ तशीच पडून राहील, तितका थर घट्ट होतो.

उबदार आहे तोवर लावा

मग उपाय काय? नवा महागडा चार्जर हा एक उपाय आहे. पण एक उपाय बिनखर्चाचा आहे, आणि तोच या धड्याचा गाभा आहे. काम संपल्यावर बॅटरी उबदार असते, तेव्हाच ती चार्जिंगला लावा.

काम करताना बॅटरीतून वीज वाहते, त्यामुळे ती आतून गरम होते. वर दुपारचं ऊन असतंच. बॅटरीचा संच शंभर किलोच्या आसपास किंवा त्याहून जड असतो. पेलाभर पाणी लगेच निवतं, पण मोठा हंडा तापवून ठेवला तर तासन् तास कोमट राहतो. बॅटरी हा असा हंडा आहे. दुपारी चार वाजता काम थांबलं आणि साडेचारला चार्जिंग सुरू झालं, तर बॅटरी उबदार असतानाच वीज आत घेते. चार्जिंग चालू असतानाही ती थोडी गरम होत राहते. रात्री पूर्ण भरते आणि सकाळी कमी गारठलेली मिळते.

उलट काय होतं ते बघा. ट्रॅक्टर चारला आणून उघड्या शेडमध्ये लावला. रात्री जेवणं उरकल्यावर कोणाला आठवण झाली तर दहा वाजता चार्जिंगला लावला, नाहीतर पहाटे. तोवर बॅटरी सहा ते बारा तास रिकामी आणि गार पडलेली. मग साधा चार्जर तिला फसवा हिरवा दिवा दाखवतो. सकाळी ट्रॅक्टर निघतो आणि दुपारी बसतो. आपण म्हणतो, बॅटरी खराब निघाली.

लवकर लावण्याचा आणखी एक फायदा आहे. संध्याकाळी मध्येच लाईट गेली तरी पुढे अख्खी रात्र हाताशी असते.

पण लावणार कोण?

ताईंनो, इथे खरी अडचण आहे, आणि ती यंत्राची नाही.

दुपारी चार ते सात ही वेळ आपल्या घरात कशी असते? जनावरांना चारा, धार काढणं, पाणी भरणं, मुलं शाळेतून आलेली, संध्याकाळचा स्वयंपाक. ट्रॅक्टर चालवणारी ताई शेतातून येते ती थेट या कामांना जुंपते. चार्जिंगला लावणं म्हणजे काय, नुसता पिन घालायचा, असं सगळ्यांना वाटतं. पण प्रत्यक्षात ट्रॅक्टर खोलीत आणायचा, चिखल झटकायचा, टोकं पुसायची, चार्जर जोडायचा, दिवा बघायचा आणि वहीत नोंद करायची. याला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. हा अर्धा तास कोणाच्याच हिशेबात नसतो. जे काम कोणाच्याच हिशेबात नसतं ते मागे पडतं. बहुतेक बॅटऱ्या याच अर्ध्या तासापायी जातात.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की चार्जिंगला लावणं हे काम आहे असं गटाने ठरवावं आणि त्याची मजुरी धरावी. हिशेब करून पाहू. समजा आठ तासांची मजुरी ३०० रुपये आहे. तर अर्ध्या तासाचे साधारण १९ रुपये होतात.

आता बॅटरीचा हिशेब. समजा संच ५०,००० रुपयांचा आहे आणि ट्रॅक्टर वर्षाला ५०० तास चालतो. बॅटरी चार वर्षं टिकली तर २,००० तास चालली, म्हणजे बॅटरीचा खर्च तासाला २५ रुपये. तीच दोन वर्षांत गेली तर १,००० तास, म्हणजे तासाला ५० रुपये. दिवसाला चार तास काम धरलं तर फरक पडला १०० रुपयांचा. एकीकडे १९ रुपये मजुरी आणि दुसरीकडे रोजचं १०० रुपयांचं नुकसान. यातलं काय परवडतं, ते तुम्हीच ठरवा. हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या बॅटरीची किंमत, तुमचे तास आणि तुमच्या गावची मजुरी घालून बैठकीत फळ्यावर मांडा.

दुसरी सोय म्हणजे वेळापत्रक. थंडीत पहाटेचं भाडं घेऊ नका. दहा ते तीन ही वेळ ठेवा. जमीन सुकलेली असते, बॅटरीला ऊब मिळते, आणि सकाळचं घरकाम आटोपून निघता येतं. बॅटरीसाठी चांगली वेळ तीच बाईसाठीही सोयीची, असा योग क्वचितच येतो. कोणी "मला पहाटे सहालाच पाहिजे" म्हणालं, तर का नाही ते नीट समजावून सांगा.

रोजचा क्रम

हा क्रम मोठ्या अक्षरात लिहून चार्जरच्या वर भिंतीवर चिकटवा.

१. सकाळी निघण्याआधी मीटरवर व्होल्ट बघा आणि वहीत लिहा. दवाने ओली झालेली टोकं कोरड्या फडक्याने पुसा.

२. पहिली दहा-पंधरा मिनिटं हलकं काम करा. रिकामी ट्रॉली न्या किंवा सपाट जमिनीत खालच्या गिअरवर चाला. निघाल्या निघाल्या शेणखताची भरलेली ट्रॉली चढावर ओढू नका.

३. बॅटरी पार मरेपर्यंत चालवू नका. शिशाची बॅटरी निम्मी वापरून चार्ज केली तर सगळ्यात जास्त टिकते. मीटर शेवटच्या खुणेवर येण्याआधी थांबा. थंडीत नेहमीपेक्षा अर्धा-पाऊण तास आधीच थांबायचं ठरवा.

४. काम संपल्यावर अर्ध्या तासात चार्जिंगला लावा. पाचच मिनिटं चालवला असेल तरी संध्याकाळी लावायचाच.

५. चार्जर आपोआप बंद होणारा असेल, तर थंडीत हिरवा दिवा लागल्यावरही एक-दोन तास जोडलेलाच राहू द्या. आपोआप बंद होणारा नसेल, तर पुस्तिकेत दिलेली वेळ पाळा. रात्रभर तसाच सोडू नका.

६. चार्जिंग पूर्ण झाल्यावर पाण्याची पातळी बघा. कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर, खुणेपर्यंत. चार्जिंगआधी भरू नका, कारण चार्जिंगमध्ये पातळी वर येते आणि आम्ल सांडतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच आधी त्या झाकतील एवढं पाणी घाला. बोअरचं पाणी नको, आरओचंही नको, त्यातही क्षार राहतात. आणि कोणी कितीही सांगितलं तरी ॲसिड घालायचं नाही. फक्त पाणी उडून जातं, आम्ल आतच राहतं.

ट्रॅक्टर भिंती असलेल्या खोलीत, वाऱ्यापासून आडोशाला ठेवा. पण खिडकी उघडी हवी. का, ते पुढे सांगते.

४८ दिसले म्हणजे फुल्ल नव्हे

हा गैरसमज जवळजवळ सगळीकडे आहे. बॅटरी ४८ व्होल्टची, मीटरवर ४८ दिसले, म्हणजे भरलेली. असं नाही. चार्जर काढून दोन-तीन तास शांत ठेवल्यावर शिशाच्या ४८ व्होल्टच्या संचाचे आकडे साधारण असे दिसतात.

५०.८ व्होल्ट : पूर्ण भरलेली
४९.६ व्होल्ट : पाऊण
४८.८ व्होल्ट : निम्मी
४८.० व्होल्ट : पाव, म्हणजे जवळजवळ रिकामी

तुमची एकच १२ व्होल्टची बॅटरी असेल तर या आकड्यांना चारने भागा. भरलेली १२.७ आणि पावभर १२.०. चार्जर जोडलेला असताना किंवा ट्रॅक्टर चालू असताना दिसणारा आकडा धरू नका.

काही गटांकडे हायड्रोमीटर आहे, ज्याच्यात आम्ल ओढून त्याची घनता बघतात तो. त्यातही थंडीची एक मेख आहे. गार आम्ल घट्ट असतं, त्यामुळे घनता आहे त्यापेक्षा जास्त दिसते. २७ अंशांच्या खाली दर १० अंशांना साधारण ०.००७ वजा करा. सकाळी ७ अंशांत १.२५० दिसलं, तर खरं १.२३६ आहे. थंडीत बॅटरी आपल्याला बरं वाटावं असंच सांगते. हिरवा दिवाही तसाच, हायड्रोमीटरही तसाच. म्हणून वही ठेवायची. रोजच्या नोंदी ओळीने दिसल्या की खोटं लगेच पकडता येतं.

वहीत सात रकाने पुरे : तारीख, सकाळचे व्होल्ट, किती तास चालला, काम कधी थांबलं, चार्जिंगला कधी लावला, कधी काढला, सही. चौथ्या आणि पाचव्या रकान्यात अर्ध्या तासापेक्षा जास्त अंतर दिसलं की त्या ताईला रागावू नका. त्या संध्याकाळी कोणती अडचण आली ते विचारा.

बॅटरी लिथियमची असेल तर

नव्या ट्रॅक्टरमध्ये लिथियमची बॅटरी येते. तिच्यात पाणी घालायचं नसतं. तिचे नियम वेगळे आहेत, काही तर अगदी उलटे. म्हणून आपली बॅटरी कोणत्या जातीची आहे हे आधी वाचून घ्या.

लिथियमची बॅटरी शून्य अंशाखाली असताना कधीही चार्ज करायची नाही. तसं केलं तर आत धातूचा थर साचतो आणि बॅटरीचं कायमचं नुकसान होतं. चांगल्या बॅटरीत तिला सांभाळणारं एक सर्किट असतं, ते चार्जिंग रोखून धरतं. आपल्या बहुतेक गावांत ही वेळ येत नाही. पण महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी किंवा नंदुरबारच्या सातपुड्यात डाब, तोरणमाळ भागात दव गोठतं. तिथल्या ताईंनी पहाटे चार्जिंग टाळावं. दहा अंशांच्या खालीही चार्जिंग हळू होतं, ते साहजिक आहे.

लिथियमची बॅटरी रोज शंभर टक्के भरायलाच हवी असं नाही. महिनाभर उभी राहणार असेल तर साधारण निम्मी भरून ठेवतात. शिशाची बॅटरी मात्र पूर्ण भरूनच ठेवायची आणि महिन्यातून एकदा परत चार्ज करायची. एकीचा चार्जर दुसरीला कधीही लावू नका, प्लग बसला तरीही.

एक माहिती मुद्दाम देते. दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिकी अभियांत्रिकी संशोधन संस्थेने 'सीएसआयआर प्रायमा ईटी-११' हा लिथियम बॅटरीचा छोटा ट्रॅक्टर तयार केला आणि तो २०२३ मध्ये लोकांसमोर आला. त्याचे दांडे आणि बटणं बायकांच्या हाताला सहज येतील अशी बसवलेली आहेत. घरातल्या प्लगवर सात-आठ तासांत चार्ज होतो आणि शेतात चार तासांहून जास्त चालतो, असं संस्थेने सांगितलं आहे. म्हणजे बाई ट्रॅक्टर चालवणार हे धरूनच आता यंत्रं बनायला लागली आहेत. "बायकांना झेपत नाही" म्हणणाऱ्यांना हे सांगा.

जिवाची काळजी आधी

शिशाची बॅटरी चार्ज होताना त्यातून हायड्रोजन वायू निघतो. हा वायू पेट घेतो. म्हणून खिडकी उघडी ठेवायची. त्या खोलीत चूल, शेकोटी, देवापुढचा दिवा, उदबत्ती, विडी काही नको. बॅटरी गरम राहावी म्हणून चार्जिंग चालू असताना तिच्यावर गोधडी किंवा पोतं टाकू नका, वायू कोंडतो. शेजारी शेकोटी तर मुळीच नको. उबेसाठी चार भिंती पुरे आहेत.

बॅटरीला हात लावण्याआधी धातूच्या बांगड्या, अंगठी, घड्याळ काढा. मंगळसूत्र आणि गळ्यातली साखळी आत घाला, पदर खोचा. दोन टोकांना एकदम धातू लागला तर क्षणात लाल होतो आणि हात भाजतो. पान्याच्या मुठीला चिकटपट्टी गुंडाळून ठेवा.

आम्ल अंगावर उडालं तर भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेलं तर पंधरा-वीस मिनिटं पाणी मारत राहा आणि दवाखान्यात जा. जमिनीवर किंवा ट्रॅक्टरवर सांडलं तर त्यावर पाण्यात कालवलेला खायचा सोडा टाका.

चार्जरला १५ अँपिअरचा प्लग आणि चांगलं अर्थिंग हवं. मोबाईलच्या पातळ एक्स्टेन्शनवर चार्जर लावू नका, वायर तापून जळते. शेतीपंपाच्या लाईनवर भरवसा ठेवू नका, तिची पाळी कधी दिवसा असते तर कधी रात्री. गटाच्या गोदामाचं किंवा घराचं मीटर बरं. त्यावर किती युनिट गेले ते लिहा. ४८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांचा संच निम्मा वापरला असेल, तर परत भरायला साधारण तीन-साडेतीन युनिट लागतात. आपल्या बिलावरच्या दराने गुणलं की रोजचा खर्च समजतो. ज्या ताईच्या घरचं मीटर आहे, तिला ते पैसे दर महिन्याला मिळालेच पाहिजेत. "तुझ्याकडेच असू दे" म्हणून बिल तिच्या माथी मारू नका.

या महिन्याच्या बैठकीत

हा धडा बैठकीत मोठ्याने वाचा. मग या पाच प्रश्नांवर बोला आणि ठराव वहीत लिहा.

१. आपल्या यंत्राची बॅटरी कोणत्या जातीची आहे? पुस्तिका आणि वॉरंटीचा कागद कोणाकडे आहे?
२. गेल्या आठवड्यात काम संपल्यावर किती वेळाने चार्जिंगला लावलं?
३. थंडीपुरती भाड्याची वेळ दहा ते तीन ठेवता येईल का?
४. चार्जिंगची पाळी कशी लावायची आणि अर्ध्या तासाची मजुरी किती धरायची?
५. भाड्याच्या दर तासामागे किती रुपये बॅटरीसाठी बाजूला काढायचे?

पाचव्या प्रश्नावर जरा जास्त वेळ द्या. कितीही जपलं तरी बॅटरी कधीतरी संपणारच. वरच्या उदाहरणात तासाला २५ रुपये बाजूला टाकले, तर चार वर्षांनी ५०,००० जमलेले असतात आणि नवी बॅटरी कर्ज न काढता येते. नाही टाकले, तर तेवढेच पैसे भाड्यातून आले आणि वाटून संपले, असं होतं.

पुढच्या भेटीला येईन तेव्हा मी आधी वही मागणार आहे. चौथा आणि पाचवा रकाना शेजारी शेजारी बघायचे आहेत. सकाळचा आकडा रोज पन्नासच्या वर असेल, तर ही थंडी तुमच्या बॅटरीने नीट काढली असं समजा.

आपली,
क्षेत्र समन्वयक